सहा पेट्या आणि एक किटली

मेकनेस,
११ ऑक्टोबर २००८

वडील बहीण लल्ला शामा हिस,
धाकट्या तामूचा सा. सलाम, वि. वि.

पत्र वाचून दाखवणाऱ्या, तुझ्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई उस्तादा घीतांनाही सलाम. उस्तादा, अक्षर लावून घ्या. मशिदीतल्या वर्गात मी सगळ्यात मागे बसते आणि सगळ्यांपेक्षा जास्त बोलते, त्यामुळे हात अजून वळलेला नाही. शामा, तू म्हणशील घरात फोन असताना ही पत्रं कशाला. अगं, म्हातारपणी लिहायला शिकले ते काय वाण्याची पाटी वाचायला? शिवाय फोनवर तू मला बरी आहे, बरी आहे म्हणत वाटेला लावतेस. कागदावर तसं चालत नाही. कागद उत्तर मागतो.

आता बातमी ऐक. यंदा भिशी मला लागली! सगळ्या बायांनी माझ्या आधीच तिचा निकाल लावून टाकला होता. हाज्जा मन्नाना, म्हणजे आमच्या समोरची, जिच्या नाकाला गल्लीतलं प्रत्येक भांडं कळतं, ती म्हणाली कपडे धुण्याचं मशीन घे. सूनबाई बुशरा म्हणाली, बैठकीतल्या गाद्यांना नवी मखमल घेऊ या. मोन्सिफ म्हणाला, आई, दात करून घे. माझा लेक हो हा! मी म्हटलं, उरलेत त्यांची सोबत मोडायची नाही.

आणि मी काय घेतलं, ओळख. होम थिएटर.

हसू नकोस. मी गेले होते मिक्सरचं झाकण बदलायला. दुकानात एक कोपरा काळ्या पडद्यांनी बंद केला होता. दुकानदार पोरगा फार गोड, मलाही मानानं लल्ला म्हणाला, पाय दुखत असतील, बसा जरा आत. बसवलं आणि बटण दाबलं. समोर मोठ्ठा टीव्ही. त्यात कुठल्याशा जंगलात पाऊस सुरू झाला, आणि बाई गं, तो माझ्या मागून यायला लागला! पाठीवर, कानाच्या मागे, उजवीकडून टपटप. मी काय केलं सांगू? अंगातल्या जेलाब्याची पाठीवरची टोपी डोक्यावर ओढून घेतली. पोरगा हसून लोळायचा बाकी राहिला.

मग मी डोळे मिटले. तुझी आठवण आली म्हणून मिटले. आणि शामा, डोळे मिटले तरी पाऊस पडतच होता. तसूभरही कमी झाला नाही. पाणी कुठल्या पानावरून कुठल्या पानावर पडतंय तेसुद्धा कळत होतं. तिथेच ठरलं माझं.

तुझ्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं आहे म्हणतेस, तर राहू दे धुकं. पण त्या समुद्राकाठच्या घरात एकटी त्या धुक्याशी काय बोलत बसतेस? भाऊजी जाऊन इतकी वर्षं झाली, पोरबाळ नाही, लाराशमध्ये तुझं आहे कोण? एक उस्तादा आहेत, पण त्यांच्यावर किती भार टाकायचा. माझ्याकडे ये. चार दिवस नको, कायमची ये. बैठकीतला कोपरा तुझा. आपण सिनेमे ऐकू.

मागच्या वेळेसारखं मान हलवून विषय बदलू नकोस. इथून मला दिसणार नाही आणि मी मनाला येईल तो अर्थ लावीन.

लोभ आहेच, तो इकडे घेऊन ये.
तुझी
तामू

ता. क. ऑलिव्ह उतरले. तुझ्यासाठी हिरवे ठेचून ठेवले आहेत, पण पाठवणार नाही. येऊन खा.


लाराश,
२२ ऑक्टोबर २००८

चि. तामू हिस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. उस्तादा घीतांनी वाचलं, टोपीपाशी आल्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा पुसायला त्यांना उठावं लागलं. तू लहानपणीही अशीच होतीस. कसायाच्या दुकानात पाठवावं तर घरी मांजराचं पिलू घेऊन यायचीस.

भिशीचं केलंस ते तुझ्या जिवाला बरं वाटलं ना, मग उत्तम. पण माझं नाव त्यात गोवू नकोस. मी येणार नाही. रागावून सांगत नाही, समजावून सांगते. माझ्या घरात मला काही दिसायची गरज पडत नाही. दारापासून चुलीपर्यंत माझे पाय जातात, खिडकीची कडी माझ्या हाताला ठाऊक आहे, किटली जिथे ठेवते तिथेच सापडते. तुझ्या घरी मी काय असेन? बुशरा एक हात धरील, तू दुसरा, आणि नवरीसारखी मला न्हाणीघरापर्यंत नेऊन सोडाल. पाहुणे आले की हळूच सांगाल, तिला कमी दिसतं बरं का. मग मला बैठकीत ठेवाल. तक्क्यासारखी. तक्क्याला कुणी विचारत नाही, सिनेमा आवडला का.

आणि सिनेमा! अगं, आंधळीला सिनेमाचं आमंत्रण म्हणजे टकल्याला मेंदी. (हे उस्तादांनी लिहायला नकार दिला होता. मी हट्ट केला.)

तुला माहीत आहे, आपल्या आईनं लग्नात मला ती किटली दिली तेव्हा काय सांगितलं होतं. जिथे किटली, तिथे घर. माझी किटली इथे आहे. विषय संपला.

मोन्सिफला, बुशराला आशीर्वाद. दात करून घे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वडील बहीण
शामा

ता. क. तामूबाई, हे मी माझ्या मनानं लिहिते आहे, शामाला वाचून दाखवणार नाही. शामाचं धुकं वगैरे काही नाही. डाव्या डोळ्यानं केव्हाच रजा घेतली, उजव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, यापुढे आहे तेच. परवा मी वरून खाली गेले तर पेल्याच्या शेजारी चहा ओतत बसली होती, आणि पाहुणी असल्यासारखी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती. मीही चटई ओली झाल्याचं बोलले नाही. तिला ओढू नका, ती घट्ट होते. पण सोडूही नका. – घीता


मेकनेस,
३ नोव्हेंबर २००८

वडील बहीण लल्ला शामा हिस,
तामूचा सलाम, वि. वि.

तू विषय संपवलास, मी चालू करते. धाकट्या बहिणीचं कामच ते.

(उस्तादा, तुमच्या दोन ओळी मला पोचल्या. रात्रभर उशी ओली केली, सकाळी उठून उशी उन्हात घातली. पुढचं मोठ्यानं वाचा.)

शामा, होम थिएटर घरी आलं. सहा पेट्या. पाच लहान, आणि एक मोठी, काळी, ढब्बू. ती बोलत नाही, नुसती घुमते, आमच्या सासऱ्यांसारखी. बसवायला दुकानाचा माणूस आला. आला आणि बैठकीच्या दारात बावळटासारखा उभा. म्हणाला, गाद्या मधे घ्या. मी म्हटलं, काय? म्हणाला, चित्रात बघा, सोफा खोलीच्या मधे असतो आणि दोन पेट्या पाठीमागे. अरे बाबा, म्हटलं, आमच्या गाद्या भिंतीला असतात, तिन्ही बाजूंनी. तुझी आई काय अधांतरी बसते? भिंत सोडलेली गादी म्हणजे दोर सुटलेली होडी. तो म्हणाला मग गादीच्या मागच्या फळीवर दोन पेट्या ठेवू. म्हणजे पाहुण्यांच्या पाठीमागे! पाठीमागून कुणी बोलणं शोभतं का? पाहुण्याकडे पाठ करायची नाही आणि पाठीमागे बोलायचं नाही, एवढं तर आपल्या आईनं शिकवलंच होतं. मी त्याला चहा पाजला, बदामाचे कानवले दिले आणि घरी पाठवलं. वायरी कुठल्या कुठे ते तेवढं त्यानं करून दिलं.

मग पेट्या मी मांडल्या. सगळ्या समोर, टीव्हीच्या दोन्ही अंगांना, ओळीनं, लग्नाच्या फोटोत वऱ्हाडी बसतात तशा. ढब्बूवर बुशरानं प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी ठेवली. आणि चांगली वस्तू काय उघडी ठेवायची? मी दुपारभर बसून प्रत्येकीला जाडसर क्रोशाचं झाकण विणलं, खाली झालर. दिसतात कशा म्हणून सांगू!

शुक्रवारी कुसकुसचं जेवण झाल्यावर भिशीच्या बाया बोलावल्या. आणि शामा, फजिती. आवाज असा आला जसा कुणी घोंगडी पांघरून विहिरीतून बोलतंय. मागून काही नाही, बाजूनं काही नाही. ढग गडगडले तेव्हा तेवढी फुलदाणी नाचत नाचत कडेला आली आणि मन्नानाच्या मांडीवर पडली. मन्नाना मोठ्या मनाची, तिनं ती उचलून जागेवर ठेवली. निघताना जोडे घालत म्हणाली, तामू, कपड्याच्या मशीनचाही असाच आवाज येतो, पण कपडे धुऊन निघतात.

दोन दिवस मी ती खोली उघडली नाही. बुशरासुद्धा माझी कीव करायला लागली, म्हणजे बघ.

पण काल दुपारी पडल्या पडल्या मला आपली गच्ची आठवली. आठवते ना तुला? मागच्या भिंतीपलीकडे उन्हाळी सिनेमा, वर छप्पर नाही. आपल्याला पोरीबाळींना जायची सोय नव्हती, आणि भिंत एवढी उंच की पडद्याचा कोपराही दिसायचा नाही. नुसता आवाज यायचा. तू अंथरुणावर उताणी पडून मला सांगायचीस, आता ती जिना चढते आहे, आता त्यानं पत्र फाडलं, आता आई दाराआड रडते आहे. मी आकाशाकडे बघत सगळं बघायची. त्यातला तो नदीकाठच्या पोरीचा मिसरी सिनेमा पुढे कितीतरी वर्षांनी मी टीव्हीवर पाहिला, आणि शेवटी ती बुडून मेली गं! तू तर मला सांगितलं होतंस की तिचं लग्न झालं आणि तिनं अलेक्झांड्रियात शिवणाचं दुकान काढलं. खोटारडी. मी तीन दिवस त्या शिंपिणीचं सुतक धरलं होतं.

म्हणून विचारते. सिनेमा बघायला डोळे लागतात, हे तुला कुणी सांगितलं? आपण दोघींनी कधी डोळ्यांनी बघितला होता?

मोठी ईद जवळ आली. मेंढा मोन्सिफनं ठरवला आहे, शिंगं मन्नानाच्या भुवयांसारखी. ईदेपुरती तरी ये. मोन्सिफ न्यायला येईल. किटली तिकडेच राहू दे, मी तिच्यावर हक्क सांगत नाही.

उत्तर हो असलं तर लवकर लिही, नाही असलं तर पत्र हरवू दे.
तुझी
तामू


लाराश,
१४ नोव्हेंबर २००८

चि. तामू हिस,
अ. आ. वि. वि.

तू सात वर्षांची होतीस, अंगात ताप होता आणि ती पोरगी पाण्यात उतरत होती. मी काय सांगायला हवं होतं? तुला झोप यायला पाहिजे होती. लग्न लावून दिलं. शिवणाचं दुकान मात्र तू झोपल्यावर मी माझ्याकरता काढलं.

झाकणं विणलीस हे ऐकून उस्तादांच्या आणि माझ्या जेवणाचा वेळ हसण्यात गेला. पेट्या म्हणजे काय सुना आहेत तोंड झाकायला?

ईदेला येते. उड्या मारू नकोस, अटी ऐक. एक, फक्त आठवडाभर. दोन, हात कुणी धरायचा नाही. बुशरानं मला एकदा पायरी आणि उंबरा दाखवावा, मग माझी मी. तीन, कुणाला हळूच काही सांगायचं नाही. जे सांगायचं ते मोठ्यानं, मी असताना. घराची किल्ली आणि माझं मांजर उस्तादांकडे सोपवते आहे, आणि किटली फळीवर आहे तिथेच राहील.

मेंढ्याच्या काळजाच्या सळ्या भाजशील तेव्हा चरबी जास्त लाव. गेल्या खेपेला कोरड्या होत्या. त्याला दहा वर्षं झाली, पण मी विसरले नाही.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
शामा


मेकनेस,
३० डिसेंबर २००८

उस्तादा घीता यांस,
तामूचा आणि शेजारी बसून कान देणाऱ्या लल्ला शामाचा सलाम, वि. वि.

यंदा पहिल्यांदाच पत्र तुम्हाला. वाचून दाखवायचं कुणाला नाही, म्हणून सावकाश वाचा. आठवडा केव्हाच उलटला, तुम्ही वाट बघून दमला असाल. मोन्सिफ गाडी घेऊन तयार होता. का निघाली नाही ते सांगते, पण अथपासून सांगणार. मला मधूनच सांगता येत नाही.

आली त्या दिवशी दार, पायरी, उंबरा, न्हाणी, बुशरानं एकदा दाखवलं. दुसऱ्या फेरीला शामानं बुशराचा हात झटकला आणि सरळ भिंतीवर गेली. आपटली. आम्ही दोघी तोंडात ओढणीचे बोळे घालून उभ्या. कपाळ चोळत म्हणाली, भिंत चांगली पक्की आहे. आणि पुन्हा चालली.

पहिले दोन दिवस ईदेच्या पाहुण्यांत गेले. ती तक्क्यासारखीच बसून होती, अगदी म्हणाली होती तशी. गालांचे मुके घ्यायला आलेल्यांना गाल द्यायचा आणि गप्प. मला वाटलं, तामू, हरलीस तू.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगले तेव्हा मी भीत भीत होम थिएटर लावलं. तो जंगलातला पाऊसच लावला, दुकानदारानं फुकट दिलेला. शामानं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, हा पाऊस पातेल्यात पडतो आहे का? मग उठली, भिंतीला हात लावत समोर गेली, एकेका पेटीवरून हात फिरवला. झालर हाताला लागल्यावर तिथेच खाली बसून हसायला लागली. म्हणाली, अगं, यांच्या तोंडात तू रजया कोंबल्या आहेस, आणि यांना बोला बोला म्हणतेस!

झाकणं निघाली. माझी दुपारभराची मेहनत, पण असो, आता ती बुशराच्या बरण्यांवर आहेत. मग शामा आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि बुशराला कामाला लावलं. ही उचल, मागे ने. अजून मागे. गादीमागच्या फळीवर ठेव. मी म्हटलं, पाहुण्यांच्या पाठीमागे? तर म्हणाली, तामू, पाऊस काय पाहुण्यासारखा समोरच्या दारानं येतो? पेट्या उचलून बुशराची कंबर गेली, पण पोरगी गमतीत होती, मावससासूला असे हुकूम सोडताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. शेवटी शामा म्हणाली, थांब. तिथेच. हात हवेत, मान एका बाजूला. उस्तादा, खोलीभर पाऊस पडत होता! आमच्या जाड गाद्या, लोकरीचे लोड, गालिचे, त्यामुळे म्हणे आवाज आपटत नाही. दुकानात होता त्याच्यापेक्षा सरस. आणि डोक्यावर टोपी कुणी ओढली असेल? मी नाही. लल्ला शामानं. तिला ही कबुली आवडलेली नाही, पण लिहिणारी मी आहे.

तरी आठवड्याची गोष्ट तिनं सोडली नव्हती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. शेवटच्या दुपारी मी भिशीच्या बाया पुन्हा बोलावल्या. मन्नाना येताना मुद्दाम शाल घेऊन आली, म्हणाली फुलदाणी पडली तर झेलायला. एक जुना मिसरी सिनेमा लावला. घरातून पळालेली मुलगी, तिला शोधणारा भाऊ, आणि एक जुना वाडावजा बंगला ज्यात प्रत्येक दार करकरतं. सगळ्या तल्लीन. ऐन वेळी मी चहाचं तबक घेऊन उठले, आणि पायात पिवळी वायर अडकली. चित्र गेलं. टीव्ही निळाशार. आवाज मात्र चालूच.

बायांनी कलकलाट केला. अरेरे, आता काय, मोन्सिफला बोलवा. आणि कोपऱ्यातून शामा कडाडली, गप्प बसा गं, तो जिन्यावर आला आहे!

उस्तादा, तिला ठाऊकच नव्हतं चित्र गेल्याचं. तिच्या लेखी काहीच गेलं नव्हतं.

बाया चिडीचूप झाल्या. शामा पुढे बोलतच राहिली, गच्चीवर बोलायची तशी, हळू आवाजात. बूट ओले आहेत त्याचे, ऐका. ती पडद्यामागे आहे, मन्नानाबाई, तुमच्या मागेच, श्वास कोंडून. मन्नानानं मागे वळून पाहिलं! शाल गळ्याशी घट्ट. आता दिवा विझवला त्यानं. आता तिच्या बांगड्या वाजतील, वाजू नयेत म्हणून तिनं मनगट धरलं आहे. आणि मी तबक हातात घेऊन तशीच उभी, चहा निवतोय, वायर माझ्या पायाशी, खोचायला वाकायचं एवढंच काम. बुशरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही वाकले.

सिनेमा संपला तेव्हा बाया डोळे पुसत होत्या. निळ्या पडद्यासमोर! मग शामानं सहज विचारलं, शेवटी तिनं निळा रुमाल काढला की पांढरा? तिनंच लावलेली अट होती, हळूच काही सांगायचं नाही. म्हणून मन्नानानंच मोठ्यानं सांगून टाकलं, बाई गं, चित्र अर्ध्यात गेलं, रुमाल तूच सांग. मला धडकीच भरली, वाटलं आता उठेल, पिशवी घेईल. तिनं कोपऱ्यातला तक्का जरा नीट केला, पाठ टेकली आणि म्हणाली, पांढरा होता. सुईकाम तिनं स्वतःच केलं होतं. पुढे तिनं दुकान काढलं.

दुसऱ्या दिवशी मन्नाना एकटीच आली आणि हट्टानं तो सिनेमा चित्रासकट बघितला. अर्ध्यातून उठली. म्हणाली, यातला भाऊ पोट सुटलेला आहे आणि रुमालच नाही, कालचाच लावा. आता शुक्रवारी बाया येतात तेव्हा एक सिनेमा चित्राचा आणि एक शामाचा. दुसऱ्याला गर्दी जास्त. मोन्सिफनं विचारलं, मग आई, एवढा मोठा टीव्ही कशाला? मी म्हटलं, पुसायला.

शामा चुकते, आपटते अजून. परवा चहा पेल्याबाहेर ओतला. मी म्हटलं, शामा, बाहेर पडला. मोठ्यानंच म्हटलं. म्हणाली, मग पुसून टाक की, सांगतेस काय. आणि पुन्हा ओतला, आत.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला विचारलं, उस्तादांना तुझ्याकडून काय लिहू? तिनं मान एका बाजूला केली. मला वाटलं, पावसाकडे कान आहे, पण पेट्या बंद होत्या. मग तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. घीताबाईंना म्हणावं, थंडी सरली की तुम्हीही या, तुमच्या चष्म्याला इथे काम नाही, पण कानाला आहे. किल्ली तुमच्याकडेच असू द्या. मांजराला दूध देत जा. आणि फळीवरून माझी किटली काढा.

लोभ आहेच, तो वाढवा. किटली लोकरीत गुंडाळून मोन्सिफच्या हाती द्या, तोटी नाजूक आहे.

आपली
तामू